लघुप्रबंधातली वाक्यं गाइडने दुरुस्त करावीत का?

टिळकवाडीकर

चौथं सेमिस्टर संपत आलं की आमच्याकडे घरोघरी तोच प्रकार. शिक्षक तांबडं पेन घेऊन बसलेले आणि विद्यार्थी फोनवर, ‘सर, झालं का?’ विचारतोय. अरे, तुझा प्रबंध आणि झालं का मला विचारतोस?

माझं मत सहकाऱ्यांना पटत नाही, तरी मांडतो. एम.ए.च्या लघुप्रबंधात मार्गदर्शकाने स्वतःच्या हाताने एकही वाक्य घालू नये. चूक दाखवावी, समासात प्रश्न लिहावा, पान परत करावं. पुन्हा आलं तर पुन्हा परत करावं.

आपल्या बेळगावच्या सीमाभागात हात चालवण्याचा मोह जास्तच होतो. आपला मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो, पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी, डिग्रीला मिळेल ते. तहसीलपासून पंचायतीपर्यंत कागद सगळे कन्नडमध्ये. बोलायला लागला की झकास बोलतो. लिहायला बसला की मात्र ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अनन्यसाधारण महत्त्व’. मग गाइडला वाटतं की मराठी टिकवायची तर निदान प्रबंध तरी शुद्ध जायला हवा, आणि तो सगळं प्रकरण नव्याने लिहून देतो. मराठीची सेवा झाली म्हणून वर समाधानही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक दुसऱ्या प्रकरणातला एखादा परिच्छेद वाचून दाखवतात. ‘इथे तुम्ही सामाजिक स्तरीकरण म्हणता, ते तुमच्या गावात कुठे दिसलं?’ मुलगा गाइडकडे बघतो. गाइड खिडकीबाहेर बघतो.

मी मुलाला समोर बसवतो. पान पालथं ठेवायचं आणि म्हणायचं, ‘निपाणीला जाऊन काय कळलं ते सांग.’ तो सांगायला लागतो. तंबाखूच्या वखारीत बायका काय काम करायच्या, मजुरी कोण ठरवायचं, १९८१च्या तंबाखू आंदोलनाबद्दल म्हाताऱ्यांना काय आठवतं, सगळं नीट क्रमाने येतं. ‘हेच लिही,’ एवढंच मी म्हणतो. एका पानाला बराच वेळ जातो हे खरं, पण पुढची पानं त्याची तो तपासतो.

खानापूरची

सर, हे वाचायला छान आहे. मी शाळेत शिकवून, घरचं बघून, एसटीने येऊन एम.ए. करते, म्हणून दुसरी बाजू सांगते.

पान परत येतं तेव्हा समासात काय लिहिलेलं असतं? ‘स्पष्ट करा.’ ‘विस्तार हवा.’ ‘संदर्भ?’ काय स्पष्ट करू? मला ते स्पष्टच वाटलं होतं म्हणून तसं लिहिलं. ज्याच्या घरात वडील प्राध्यापक आहेत त्याचं प्रकरण घरी तपासून होतं आणि मग गाइडकडे जातं. त्या मुलाला तुम्ही ‘स्वतः लिहितो’ म्हणता. आमच्या घरात लिहिलेलं वाचणारी मी एकटीच.

सुतारसुद्धा पोराच्या हातात रंधा देण्याआधी एकदा मारून दाखवतो. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या प्रकरणाची दोन पानं माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्त केली. लांबलचक वाक्य तोडून तीन केली. ‘असे दिसून येते की’ जिथे जिथे होतं तिथे काट मारली. कुणाला दिसलं, कुठे दिसलं, ते लिही म्हणाल्या. पुढचं सगळं मी त्या दोन पानांकडे बघत लिहिलं. मग तो प्रबंध माझा नाही का?

डीटीपीवाला

तुम्ही दोघं इथं भांडूलाय, पण प्रबंध आमच्या दुकानात तयार होतोय वो.

नाव सांगत नाही, कॉलेज रोडच्या आसपास दुकान आहे एवढं पुरे. शेवटच्या आठवड्यात पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. त्यात मागच्या कुणाचा तरी प्रबंध असतो. गावाचं नाव बदलायचं, तक्ते तसेच ठेवायचे, ऋणनिर्देशात गाइडचं नाव मोठ्या अक्षरात. एकानं तर आधीच्या पोरीच्या आईवडिलांचे आभार तसेच ठेवलेले, मीच दाखवलं.

आणि एक गंमत सांगतो. बरीच वर्षं मराठीचं काम श्रीलिपीत चालायचं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते मराठी वाटतच नाही, सगळा कचरा दिसतो. अख्खा उतरवलेला प्रबंध घातला तरी साम्य नावापुरतं. सर्टिफिकेट मिळालं, पोरगं खूश, गाइड पण खूश. आता युनिकोडमध्ये आणा म्हणतात तेव्हा पोरांचे चेहरे बघायला या.

आता त्यात चॅटजीपीटी. पुस्तकाचं नाव, लेखक, पान नंबर सगळं फटाफट देतंय. पोरगं वाचनालयात जाऊन शोधतंय तर तसलं पुस्तकच नाही.

टिळकवाडीकर

श्रीलिपीचा मुद्दा प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावा असा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही, त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. हे पदव्युत्तर प्रबंधालाही लागू आहे. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून ती अवतरणंसुद्धा उगाच शब्द फिरवून लिहितात आणि अर्थाचं मातेरं करतात.

पण खानापूरच्या बाईंना विचारतो, त्या दोन पानांची चार झाली असती तर? दहा झाली असती तर? थांबायचं कुठे हे कोण ठरवतं?

खानापूरची

मॅडमनी ठरवलं. त्या थांबल्या. सगळेच गाइड वाहवत जातात असं का धरता?

निपाणीकर

वाक्यांवरून वाद चाललाय, पण वाक्यं फार पुढची गोष्ट. दुखणं पहिल्या महिन्यात लागतं, विषय ठरतो तेव्हा.

‘सीमाभागातील मराठी साहित्य : एक चिकित्सक अभ्यास.’ ‘बेळगाव जिल्ह्यातील स्त्रियांचे सामाजिक जीवन.’ असल्या विषयावर पीएच.डी. करणाऱ्यालासुद्धा धाप लागेल, मग एम.ए.चा मुलगा पन्नास-साठ पानांत काय करणार? दहा पुस्तकांतले परिच्छेद जोडणार, दुसरं काय! मग त्या जोडकामाला भाषा यावी म्हणून गाइड बसतो तांबडं पेन घेऊन.

विषय लहान करा. आपल्या दाराशी किती आहे बघा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे सगळ्यांना पाठ आहे; पण त्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रांनी ती बातमी कशी दिली, एवढाच विषय घेऊन कुणी बसलंय? एका वखारीतल्या बायकांच्या आठवणी घ्या. एका गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या घ्या. अशा विषयात मुलगा काय वाचायचं ते स्वतः शोधतो, कारण तयार पुस्तक नसतंच. चोरायलाही काही मिळत नाही. डीटीपीवाल्या दादांचा धंदा बसेल थोडा.

अजून एक. इथले जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात, आणि १९५६ला आपण म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे सरकारी कागद मुख्यतः कन्नडमध्ये. आपल्या मुलांना कन्नड वाचता येतं. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचण्याइतकी येते. पुण्याचा विद्यार्थी ज्या दफ्तरापुढे हतबल होईल तिथे आपला मुलगा सहज बसू शकतो. पण त्याला ही जमेची बाजू आहे असं कधी कुणी सांगितलंय? उलट त्याच्या मराठीत कन्नड वळण येतं म्हणून त्याला खाली बघायला लावतो.

सीमावासी

कन्नड कागदांचं एवढं कौतुक कशाला? मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून इतकी वर्षं झगडतोय आणि तुम्ही म्हणता कन्नड ही जमेची बाजू.

निपाणीकर

परिपत्रकाची मागणी माझीही आहे. मोर्चात मीही असतो. पण पंचायतीचं दफ्तर कन्नडमध्ये आहे म्हणून ते न वाचता त्याच गावाचा इतिहास लिहिला, तर तो अर्धा इतिहास. विरोध करायचा तरी आधी वाचायला लागतंच की.

चंदगडकर

मी सीमेच्या या बाजूचा, महाराष्ट्रातला, शिनोळीपासून जवळच. माणसंही तीच, अडचणीही त्याच.

तुम्ही सगळे चांगल्या गाइडबद्दल बोलताय. एकेका गाइडकडे किती मुलं असतात ते कुणी बोलत नाही. २०२२च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.साठी मर्यादा घातली : प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. ही मर्यादा पीएच.डी.ची. एम.ए.च्या लघुप्रबंधाला ती लागू नाही, त्यामुळे पट जेवढा तेवढी मुलं हजर शिक्षकांत वाटली जातात. त्यात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावरचे. टिळकवाडीकर सर एका पानाला तासभर देतात, देवो. मानधनावरचा शिक्षक दुपारी दुसऱ्या कॉलेजला पळतो, तो काय करणार?

त्याच नियमांनी एम.फिल.ही बंद झाली. ती कशी चालायची यावर माझंही मत फारसं बरं नव्हतं. तरी लिहिण्याचा सराव व्हायला मध्ये एक पायरी होती. आता एम.ए.च्या त्या पन्नास पानांवरून मुलगा थेट पीएच.डी.च्या आराखड्यावर जातो. म्हणून ही पन्नास पानं कुणाची हा प्रश्न पूर्वीपेक्षा जड झालाय, एवढं सरांचं मान्य.

आमच्याकडे गाइडने एकेकाला भेटणं कमी केलं. शनिवारी सगळ्यांनी बसायचं, एकाने आपलं पान मोठ्याने वाचायचं. वाचताना जिथे अडखळतो तिथे वाक्य बिघडलेलं असतं, हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. बाकीचे विचारतात. गाइड शेवटी बोलतो.

खानापूरची

शनिवारी आमची सकाळची शाळा असते आणि दुपारी घरची धुणी. पण कल्पना चांगली आहे, फक्त मुलींना आणि नोकरीवाल्यांना वगळून.

एका बाबतीत मात्र टिळकवाडीकर सरांच्या बाजूने बोलते. माझा विषय जांबोटीकडच्या बायकांच्या ओव्या आणि आठवणी. मुलाखती जशा बोलल्या तशा उतरवल्या. ‘आमी जाऊलाव तवा पाऊस लागला’ असं आजी म्हणाली, मी तसंच लिहिलं. दुसऱ्या एका सरांनी ते वाचून ‘आम्ही जात होतो तेव्हा पाऊस सुरू झाला’ केलं आणि समासात लिहिलं, ‘प्रमाण भाषा वापरावी’. तेव्हा मात्र मी भांडले. माझं वाक्य खुशाल दुरुस्त करा, आजीचं कसं करता? तो पुरावा आहे.

टिळकवाडीकर

शंभर टक्के. माहिती देणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला हात लावणं म्हणजे तक्त्यातला आकडा बदलणं.

आणि तुमच्या रंध्याच्या मुद्द्यावर विचार केला. दुरुस्त करून दाखवायला माझी ना नाही, पण ते त्याच विद्यार्थ्याच्या पानावर नको. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर मराठी प्रबंध ढिगाने आहेत. त्यातलं एखादं बोजड पान घ्या, वर्गात फळ्यावर मोडा, पुन्हा बांधा. मग मुलाने आपलं पान आपण बांधावं.

खानापूरची

नाही पटलं. दुसऱ्याच्या पानातली चूक मला लगेच दिसते. माझ्या पानातली दिसत नाही, अडचण तीच तर आहे. त्या दोन पानांबद्दल मॅडमचे आभार मी ऋणनिर्देशात स्पष्ट लिहिलेत, काय केलं तेही लिहिलंय. लपवाछपवी नाही. व्हायवाला विचारलं तर सांगेन.

टिळकवाडीकर

हे असं लिहून देणारी तुम्ही पहिलीच भेटलात. पण उद्या परीक्षकांनी विचारलं, ‘पहिल्या प्रकरणातली वाक्यं तुमची की मॅडमची?’ तर माझ्या मते ते उत्तर देण्याची वेळच यायला नको.

खानापूरची

विचारू देत. पाठ आहे उत्तर.

हलशीचा मुलगा

मध्येच विचारतो, माफ करा. इतिहासाला आहे, सादर करायला तीन आठवडे उरलेत. मुलाखती घेतल्या त्यातल्या काही कन्नडमध्ये आहेत. प्रबंध मराठीत. मूळ कन्नड द्यायचं का फक्त मराठी भाषांतर? गाइड म्हणतात भाषांतर पुरे.

निपाणीकर

मजकुरात मराठी भाषांतर, परिशिष्टात मूळ कन्नड, कन्नड लिपीतच. भाषांतर तू केलंस हे तळटीपेत लिही. कुठे, कधी, कुणासमोर मुलाखत झाली ते प्रत्येकीवर टाक. नाव द्यायला ज्यांनी नको म्हटलं त्यांचं फक्त वय आणि व्यवसाय. ध्वनिमुद्रण पुसू नकोस, परीक्षक मागू शकतात. गाइडना सांग, पानं वाढली तरी परिशिष्टातच वाढतायत.

डीटीपीवाला

आणि ते कन्नड नुडी सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणू नकोस रे बाबा, युनिकोडमध्ये आण. नाहीतर शेवटच्या रात्री सगळं पुन्हा टाइप करत बसावं लागतंय, आणि तेव्हा माझा रेट डबल असतोय.