मदत हवी आहे: माशांना एमएससी लेबल कुठून मिळतं? अर्जंट

शेततळं_वाळवा: पुण्याचा व्यापारी माल उचलायला तयार आहे, पण म्हणतो एमएससीचं निळं लेबल असेल तरच. पुढच्या महिन्यात मासा काढायचाय. अर्ज कुठे करायचा? लवकर सांगा, खाद्याचा खर्च अंगावर यायला लागलाय.

मिरजकर: मासा कुठला? किती टन? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

कोयनाकाठ: दादा, एमएससी पाळलेल्या माशाला मिळतच नाही. ते समुद्रात-नदीत साठा न संपवता पकडलेल्या माशासाठी, १९९७ पासून. तळ्यातल्या माशाला एएससी, म्हणजे जबाबदारीनं पाळलेल्या माशाचं लेबल, २०१० मध्ये सुरू झालेलं. नाहीतर बीएपी, पाळलेल्या माशाचंच दुसरं लेबल. व्यापाऱ्याचाच घोळ झालाय, त्याला परत विचारा.

शेततळं_वाळवा: गिफ्ट चिलापी, म्हणजे सुधारित जातीचा तिलापिया. दोन शेततळी, चारेक टन निघेल.

बायोफ्लॉक_आटपाडी: शेततळं सोडा, बायोफ्लॉक टाका, म्हणजे टाकीत सतत हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ ठेवायचं. पाणी कमी लागतं, मी तीन टाक्यांवर घर चालवतोय.

मिरजकर: त्यांनी लेबल विचारलंय हो! आणि बायोफ्लॉकमध्ये लाइट गेली की बघता बघता मासे उताणे.

बायोफ्लॉक_आटपाडी: जनरेटर ठेवायचा ना मग.

कोयनाकाठ: चिलापीला एएससी मिळू शकतं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पण तपासणी दरवर्षी, आणि तिचा खर्च चार टनांत निघणार नाही. गावातले तळीवाले मिळून गटानं करा. मासा साफ करून पॅक करणाऱ्याकडेही साखळीचं, म्हणजे लेबलचा माल दुसऱ्या मालात मिसळत नाही याचं, सर्टिफिकेट लागतं, नाहीतर तळं पास होऊनही पाकिटावर लेबल लागत नाही. महिन्याभरात काही होत नाही यातलं. मी आंध्रात कोळंबीच्या फार्मवर होतो. तपासनीस गोदामात उकिडवा बसून खाद्याच्या एकेका पोत्याचा बॅच नंबर वहीशी लावून बघत होता. दोन पोती जुळली नाहीत, अख्खा दिवस त्यातच गेला. तुम्ही आजपासून वही घाला: बोटुकली (तळ्यात सोडायची बोटाएवढी पिल्लं) कुठून आणली, खाद्य किती टाकलं, मेले किती, औषध कुठलं. आणि चिलापीला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी काढलीय ना?

माणदेशी_ताई: चिलापीला मातकट वास येत असेल तर विकण्याआधी दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवा. आमचं गिऱ्हाईक त्यामुळंच टिकलं.

शेततळं_वाळवा: परवानगी नाही. बोटुकली देणारा म्हणाला लागत नाही.

कोयनाकाठ: लागते. आधी ती काढा, त्याशिवाय कुठलंच लेबल मिळायचं नाही.

शेततळं_वाळवा: उद्याच सांगलीला जातो. बोटुकलीची पावती मात्र सापडत नाहीये. तिच्यावाचून चालेल का?