'मृतात्म्यास शांती लाभो' : हा 'मृतात्मा' बरोबर की चूक?

प्रश्न (पारोळ्याहून)
आमच्या गल्लीतल्या आजोबांच्या उत्तरकार्याची पत्रिका छापायची आहे. मजकुरात 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' लिहिलं होतं. प्रेसमध्ये बसलेल्या एका गुरुजींनी हटकलं, "आत्मा मरतच नाही, मग मृतात्मा कसा?" गंधमुक्तीच्या पत्रिकांवर, चौकातल्या बॅनरवर सगळीकडे हाच शब्द असतो. चूक आहे का?

उत्तर (अमळनेरहून)
भाऊ, व्याकरणाने चूक नाही. 'मृताचा आत्मा' असा विग्रह केला की षष्ठी तत्पुरुष झाला. मेला तो माणूस, आत्मा त्याचा. पण महात्मा, पुण्यात्मा, दुरात्मा हे शब्द कानात बसलेले असतात, म्हणून 'मृत असा आत्मा' हाच अर्थ आधी ऐकू येतो. गुरुजींना तोच खटकला.

मात्र 'आत्मा मरतच नाही' हे त्यांनी गृहीत धरलं, तिथे थांबायला हवं. जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दाखला (2.22) आपल्याकडे दहाव्याला हमखास ऐकायला मिळतो. वस्त्राचाच दाखला प्लेटोच्या 'फीडो' संवादात आहे, पण उलट बाजूने. इ.स.पू. 399. सॉक्रेटिसचा तुरुंगातला शेवटचा दिवस. त्याच्याशी वाद घालणारा सेबीस त्याला म्हणतो, विणकर आयुष्यात कितीतरी अंगरखे विणतो, वापरून फाडतो. पण शेवटचा अंगरखा त्याच्यामागे उरतो. म्हणजे आत्म्याने अनेक देह बदलले हे मान्य केलं, तरी एखाद्या देहात तोही संपणार नाही कशावरून? माझ्या मते या वादातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच.

सॉक्रेटिसचं उत्तर असं: आत्मा जिथे जातो तिथे जीवन घेऊन जातो, म्हणून जीवनाच्या उलट असलेलं मरण तो स्वीकारूच शकत नाही, अग्नी जसा थंडपणा स्वीकारत नाही. मला हे अपुरं वाटतं. अग्नी थंड होऊन अग्नी राहत नाही हे खरं, पण विझतो की! 'मेलेला आत्मा' असू शकत नाही एवढंच यातून निघतं. आत्मा कायम राहतो हे निघत नाही.

उत्तर (शहाद्याहून)
देहाबाहेर आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांना विसरू नका. किण्वातून (आंबवणातून) जशी मद्याची नशा उपजते तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजतं, असं ते म्हणत. आमच्या सातपुड्याकडे मोहाची फुलं आंबवलेली पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं. यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (3.3.54) सांगितलं, की चैतन्य देहाचा धर्म असता तर प्रेतातही दिसला असता, रूप दिसतं, चैतन्य दिसत नाही.

उत्तर (अमळनेरहून)
बरोबर, ताई. पण देह आणि चैतन्य वेगळे एवढंच त्यातून ठरतं. देहाबाहेर ते टिकतं का, हा प्रश्न उरतोच.

आता पुन्हा शब्दाकडे. आमच्या गावात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, ते मुख्यतः अद्वैताच्या अभ्यासासाठी. साने गुरुजीही तिथे शिकायला आले होते. त्या अद्वैताच्या कसोटीवर 'मृत' पेक्षा 'शांती लाभो' जास्त अडतं. आत्मा सगळ्यांत एकच, त्याला तळमळ नाही, तहान नाही. त्याला नव्याने शांती कसली लाभणार? तळमळतो तो जीव. अहिराणीत आपण 'त्याना जीव ग्या' म्हणतो, 'आत्मा ग्या' कोणी म्हणत नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घागर भरतो, आगारी (अग्नीत नैवेद्याचा घास) टाकतो, ती आपल्याच आजोबांच्या नावाने. त्या श्रद्धेत मागे उरतो तो नाव, नातं आणि तहानभूक असलेला एक माणूस. तत्त्वज्ञानाला खरं अवघड जातं ते हेच सिद्ध करणं. निर्गुण आत्मा टिकला तरी त्यात आजोबा टिकले का?

म्हणून पत्रिकेवर समासच नको. 'आजोबांना सद्गती लाभो' लिहा. 'गती' जीवालाच असते, आणि ज्यांच्यासाठी मागतो त्यांचा उल्लेखही होतो.

प्रश्नकर्ता
पटलं, तसंच छापायला देतो. नावाआधी 'कै.' राहू द्यायचं ना?

उत्तर (शहाद्याहून)
'कै.' म्हणजे कैलासवासी. आजोबा माळकरी असतील तर 'वै.' लिहा, वैकुंठवासी. घरच्यांना एकदा विचारून घ्या.