मिरी ते कोटा किनाबालू रस्त्याने जाताना ब्रुनेईला पाच दिवस द्यावेत का?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील गेल्या वर्षी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. चाळीस वर्षे त्यांनी सह्याद्रीतले घाट आणि किल्ले पायी पालथे घातले, पण देशाबाहेर ते कधी गेले नाहीत. येत्या जुलैच्या अखेरीस आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी बोर्निओ बेटावर जाणार आहोत. मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या मिरीपासून साबा राज्यातल्या कोटा किनाबालूपर्यंत विमानाने उडून न जाता रस्त्याने जावे, ही त्यांचीच इच्छा आहे. हा रस्ता ब्रुनेईतून जातो.

मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकांनी सांगितले की ब्रुनेईत पाहण्यासारखे काही नाही, देश श्रीमंत असल्यामुळे सगळे महाग आहे, आणि सॅक पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांची तिथे काहीच सोय नाही. तरीही नकाशा उघडला की बाबांचे बोट त्या दोन तुकड्यांत विभागलेल्या चिमुकल्या देशावर जाऊन थांबते. दिल्लीतील ब्रुनेईच्या उच्चायुक्तालयाकडून व्हिसा घेण्याची तयारी आम्ही सुरू केली आहे. तिथे पाच दिवस द्यावेत, की एक रात्र काढून पुढे निघावे? पावसाळी जंगल पाहणे साठी ओलांडलेल्या, पण चालण्याची सवय असलेल्या माणसाला झेपेल का? बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्या जेवणाचे काय करावे? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगितले तर मोठी मदत होईल.

खारा वारा

पाच दिवस अवश्य द्या. मी आधी मुंबई हायच्या तेलक्षेत्रात आणि नंतर २००८ ते २०१३ ब्रुनेईतील सेरिया येथे नोकरी केली. २०२३ मध्ये पत्नीसह पुन्हा जाऊन आलो, तेव्हा मात्र पाहुणा म्हणून. ‘पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे बहुधा विमानतळ, सोनेरी घुमटांच्या दोन मशिदी आणि एक मॉल एवढेच पाहून परतलेले असतात.

तुमचा रस्ता मिरीहून येतो, हे फार चांगले आहे. मिरीच्या टेकडीवर १९१० मध्ये खोदलेली सारावाकची पहिली तेलविहीर आहे. तिथून निघून सुंगाई तुजोहची सीमा ओलांडली की थोड्याच वेळात सेरिया लागते. तिथे १९२९ मध्ये तेल सापडले आणि या देशाचे नशीब पालटले. समुद्राकाठी १९९१ मध्ये उभारलेले अब्जाव्या पिंपाचे स्मारक आहे, पण ते पाच मिनिटांत पाहून होते. त्याहून जास्त वेळ मान खाली-वर करणारे तेलाचे पंप पाहण्यात घालवा. गवतात, रस्त्याच्या कडेला, अगदी घरांच्या मागेही ते शांतपणे चालू असतात. नागरिकांना उत्पन्नावर कर का भरावा लागत नाही, याचे उत्तर तिथे डोळ्यांसमोर दिसते.

राजधानीच्या नावापाशी तुमच्या वडिलांना घटकाभर थांबवा, शिक्षक आहेत म्हणून त्यांना ते विशेष आवडेल. बंदर सेरी बेगावान या नावातील ‘बंदर’ म्हणजे फारसीतून आलेले आपलेच बंदर आणि ‘सेरी बेगावान’ म्हणजे ‘श्री भगवान’. सुलतान ओमर अली सैफुद्दीन यांनी १९६७ मध्ये मुलासाठी गादी सोडल्यावर ही पदवी घेतली आणि १९७० मध्ये शहराला त्यांच्या सन्मानार्थ हे नाव मिळाले. मलय भाषेत भाषेला ‘बहासा’ म्हणतात, नवऱ्याला ‘सुआमी’ आणि देशाला ‘नगारा’. दुकानांच्या पाट्या वाचत चालले तरी अशी ओळखीची माणसे भेटत राहतात.

शहरातील दोन दिवसांपैकी मोठा वाटा कांपोंग आयेरला द्या. नदीच्या पात्रात खांबांवर उभे असलेले हे गाव शोभेसाठी जपून ठेवलेले नाही. तिथे शाळा आहेत, मशिदी आहेत, अग्निशमन केंद्र आहे, आणि हजारो माणसे तिथे राहतात. मॅगेलनच्या ताफ्यातील उरलेली जहाजे १५२१ मध्ये ब्रुनेईला पोहोचली, तेव्हा सोबतच्या अँतोनियो पिगाफेत्ताने खाऱ्या पाण्यावर वसलेल्या शहराची नोंद करून ठेवली. सकाळी नावेने पलीकडे जा आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवर उतरा. ओहोटीच्या वेळी खाली चिखल उघडा पडतो. त्यात खेकड्यांची बिळे, एखादी हरवलेली चप्पल आणि खांबांवर पाण्याने ठेवलेली काळपट रेघ दिसते. वर मात्र घरासमोर कुंड्यांत मिरच्या लावलेल्या असतात, आणि दारात बसलेली आजी हसून मान हलवते. काही फळ्या कुजलेल्या असतात, म्हणून पाऊल खिळ्यांच्या रांगेवर टाकावे, कारण खाली आधाराची तुळई तिथेच असते. हे मला तिथल्याच एका शाळकरी मुलाने शिकवले.

ओमर अली सैफुद्दीन मशीद १९५८ मध्ये पूर्ण झाली. ती कांपोंग आयेरच्या बाजूने, तिन्हीसांजेला पाहा. नमाजाच्या वेळा सोडून इतर धर्मीयांना आत जाता येते आणि अंगावर घालायला झगा तिथेच मिळतो. १,७८८ खोल्यांचा राजवाडा मात्र बाहेरूनच पाहावा लागेल. तो रमजान ईदनंतर तीन दिवस सर्वांसाठी उघडतो आणि तुमच्या तारखा त्यात बसत नाहीत.

सागवेल

खारा वारा यांनी सेरिया आणि कांपोंग आयेरबद्दल सांगितले आहे, म्हणून मी तेंबुरोंगच्या जंगलाबद्दल आणि रोजच्या फिरण्याबद्दल लिहिते. मी २०२४ मध्ये एकटी, सॅक घेऊन आठ दिवस गेले होते. मला कुठेही असुरक्षित वाटले नाही, अगदी रात्री शहराच्या नदीकाठी चालतानाही.

वाहतुकीच्या बाबतीत तुम्हाला मिळालेला इशारा खरा आहे. जवळजवळ प्रत्येक घरी मोटार असल्यामुळे पायी चालणाऱ्याचा विचार रस्त्यांनी फारसा केलेला नाही. शहरातील बसचे भाडे एक डॉलर, म्हणजे आपले सत्तर रुपयांच्या आसपास पडते, पण संध्याकाळी सहानंतर बसवर भिस्त ठेवू नये. आपल्याला सवयीचे असलेले टॅक्सीचे ॲप तिथे चालत नाही. ‘डार्ट’ नावाचे स्थानिक ॲप आहे, ते आधीच फोनवर घेऊन ठेवा. एकदा शेवटची बस चुकून मी थांब्यावर उभी होते, तेव्हा मुलीला शिकवणीहून घरी नेणाऱ्या एका बाईंनी गाडी थांबवली, मला मुक्कामाच्या दारात सोडले आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. असे तिथे अनेकांच्या बाबतीत घडते. शुक्रवारी दुपारी बारा ते दोन दुकाने आणि खानावळी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी जेवण बाराच्या आत उरका. मद्य देशात कुठेही विकत मिळत नाही. रमजानचे दिवस असतील तर दिवसा उघड्यावर खाणे-पिणे इतर धर्मीयांनाही वर्ज्य असते, पण तुमच्या प्रवासात ते दिवस येत नाहीत.

आता जंगल. देशाचा पूर्वेकडचा तुकडा म्हणजे तेंबुरोंग. मध्ये मलेशियाचा लिंबांग भाग पाचरीसारखा घुसलेला आहे, म्हणून पूर्वी तिथे जायला एक तर खारफुटीतून वेगवान बोटीने जावे लागे, नाही तर रस्त्याने दोन सीमा ओलांडाव्या लागत. मार्च २०२० मध्ये समुद्रावरून सुमारे ३० किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि हा प्रश्न मिटला. बांगर या छोट्या गावातून बातांग दुरीपर्यंत मोटारीने जायचे आणि तिथून ‘तेमुआई’ या लांब, अरुंद नावेने प्रवाहाच्या उलट दिशेने उलू तेंबुरोंग राष्ट्रीय उद्यानात शिरायचे. पाणी कमी असेल तर नाव खडकांना घासते आणि सगळ्यांना उतरून ती ढकलावी लागते. आमची दोनदा ढकलावी लागली. नावाडी इबान या स्थानिक जमातीचा होता आणि पुढच्या टोकाला बसलेला त्याचा भाऊ एकही शब्द न बोलता केवळ काठीने वळण दाखवत होता.

नावेतून उतरल्यावर हजाराहून अधिक लाकडी पायऱ्या आहेत. गड चढलेल्या माणसाला त्या कठीण नाहीत, कठीण आहे ती हवा. दहाव्या मिनिटाला सदरा पिळून काढता येतो. त्यानंतर धातूचे मनोरे लागतात आणि त्यांच्या उभ्या शिड्या चढून जवळपास ५० मीटर उंचीवरच्या पुलावर पोहोचता येते. खरी परीक्षा तिथेच असते, कारण वाऱ्याने मनोरा थोडा हलतो. वडिलांना उंचीची भीती नसेल तर त्यांना पहाटेच न्या. धुके झाडांच्या शेंड्यांखालून वर येते आणि गिबन वानरांची हाक दरीच्या पलीकडून ऐकू येते. चहूकडे न तुटलेले जंगल दिसते, आणि बोर्निओत इतरत्र ताडतेलाच्या बागा पाहून आलेल्या माणसाला या दृश्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तेलामुळे या देशाला लाकूड विकण्याची गरज फारशी पडली नाही, हे माझ्या मते ब्रुनेईला जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

उद्यानात वाटाड्यासहच जावे. हा खर्च तुमच्या पाच दिवसांतला सर्वांत मोठा असेल, पण काटकसर दुसरीकडे करा, इथे करू नका.

भातुकली

मी सिंगापूरला राहते आणि कामानिमित्त ब्रुनेईला अनेकदा जाते, म्हणून पैसे आणि जेवण या दोन गोष्टींबद्दल लिहिते. १९६७ च्या करारामुळे ब्रुनेईचा डॉलर आणि सिंगापूरचा डॉलर यांची किंमत सारखीच आहे आणि सिंगापूरच्या नोटा तिथे चालतात. उरलेले ब्रुनेई डॉलर मात्र मलेशियात पाऊल टाकण्याआधीच संपवा किंवा बदलून घ्या.

देश श्रीमंत असला तरी खाणे महाग नाही. एक डॉलरला मिळणारा ‘नासी कातोक’ म्हणजे तपकिरी कागदात बांधलेला भात, तळलेली कोंबडी आणि तिखट सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. ‘कातोक’ म्हणजे दार ठोठावणे. रात्री उशिरा विक्रेत्याच्या घराचे दार वाजवून भात घेण्याच्या रिवाजावरून हे नाव पडल्याचे सांगतात. तुम्हाला चालत असेल तर तुम्ही खा. वडिलांसाठी अडचण कोंबडीची नाही, कारण ती दिसते आणि बाजूला ठेवता येते. अडचण ‘बेलाचान’ची आहे. हा सुकवलेल्या कोळंबीचा गोळा सांबालमध्ये आणि परतलेल्या पालेभाजीतही घालतात आणि तो दिसत नाही. म्हणून ‘तांपा बेलाचान’, म्हणजे बेलाचानशिवाय, हे दोन शब्द त्यांना पाठ करायला लावा. मांस, मासे आणि कोळंबी यांसाठी ‘दागिंग, इकान, उदांग’ हे शब्दही सांगून ठेवा. राजधानीत तमिळ खानावळी आहेत. तिथे डोसा, सांबार-भात आणि ‘रोती कोसोंग’ म्हणजे काही न भरलेला पराठा मिळतो, मात्र सोबतचा रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्यावे. गाडोंगच्या रात्रबाजारात केळ्याची भजी आणि केळीच्या पानातले गोड पदार्थ मिळतील.

‘अंबुयात’ मात्र त्यांना अवश्य दाखवा. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो, तर हा खऱ्या साबुताडाच्या खोडातील पिठाचा असतो. त्यावर उकळते पाणी ओतून घोटले की खळीसारखा पारदर्शक गोळा तयार होतो. तो ‘चांदास’ नावाच्या बांबूच्या जोडकाडीला गुंडाळून, आंबट-तिखट कालवणात बुडवून, न चावता गिळायचा असतो. गोळ्यात मांसाहारी काही नसते, पण कालवणात बहुधा असते, तेव्हा वेगळी चटणी मागून घ्या. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि लगेच म्हणाल्या, “हा तर आपला कुरडयांचा चीक!” मला त्यांची तुलना अगदी नेमकी वाटली.

पायवाट

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सगळे प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘श्री भगवान’पाशी त्यांनी मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. पाच दिवस नक्की झाले. एक शंका उरली आहे. आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल. तेंबुरोंगहून पुढे कोटा किनाबालूला जाताना त्याची अडचण येईल का? आणि कांपोंग आयेरच्या नावेसाठी आधी नाव नोंदवावे लागते का?

खारा वारा

पुलावरूनच तेंबुरोंगला गेलात तर अडचण येणार नाही, कारण त्या वाटेवर तुम्ही ब्रुनेई सोडतच नाही. लिंबांगमार्गे गेलात तर मात्र देशाबाहेर पडून पुन्हा आत यावे लागेल, आणि एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच अडेल. म्हणून कोटा किनाबालूची बस कोणत्या वाटेने जाते आणि बांगरला चढता येते का, हे तिकीट काढण्यापूर्वी स्पष्ट विचारा. पुढे लाबूच्या सीमा नाक्यावर ब्रुनेईतून बाहेर पडण्याचा शिक्का, मग सारावाकमध्ये प्रवेशाचा, सारावाक सोडल्याचा आणि शेवटी साबात प्रवेशाचा, असे चार शिक्के बसतील. सारावाक आणि साबा मलेशियातच असले तरी आपापले शिक्के वेगळे मारतात. पारपत्रात कोरी पाने पुरेशी आहेत ना, ते पाहून ठेवा.

नावेसाठी कसलीही नोंदणी लागत नाही. धक्क्याच्या पायरीवर उभे राहून हात वर केला की नाव येते. पलीकडे जाण्याचा एक डॉलर माणशी होतो. तो आधी ठरवून घ्या आणि सुटे पैसे हातात ठेवा. वडिलांना नावेच्या मधोमध बसवा, कारण दोन नावा एकमेकींजवळून वेगाने गेल्या की कडेला बसलेला माणूस कमरेपर्यंत भिजतो.