लिंबाच्या कुंडीला ताण
कुंडीतल्या ठेंगण्या कागदी लिंबाला फुले येत नसतील तर खताची मात्रा वाढवावी, हा सल्ला मला अर्धाच पटतो. खतातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड नुसते लुसलुशीत, काटेरी फुटवे काढत बसते. या सल्ल्यात राहून गेलेली गोष्ट म्हणजे ताण, म्हणजे फुले यावीत म्हणून झाडाचे पाणी काही काळ तोडणे. विदर्भातील संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात. तेच तत्त्व कुंडीलाही लागू पडते, मात्र इथे माती मूठभर असल्याने आठवडेच्या आठवडे थांबायचे नसते. दुपारी मुडपलेली पाने संध्याकाळीही सरळ झाली नाहीत, की ताण पुरेसा बसला असे समजून आधी बेताचे आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, व खतही तेव्हाच घालावे. शोभेसाठी ठेवलेल्या, फळांनी लगडलेल्या झाडावर मात्र हा प्रयोग करू नये; फळे गळतात.