घरची सहा एकर रान म्हणून राखायची, तर मग डुकरांचं काय करायचं?

देवरुखचा_बाळ:
संगमेश्वर तालुक्यात आमची सहा एकर वडिलोपार्जित जागा आहे, सातबाऱ्यावर आता अकरा नावं. वरचा दोनेक एकर तुकडा जुना आहे, बेहडे, किंजळ, ऐन, एक जाडजूड सातवीण, आणि खालच्या उतारावर वर्षानुवर्षं कुणी कोयती न लावल्यामुळे नुसती करवंदं, घाणेरी नि रानमोडी. लाकडाचा ठेकेदार येऊन बघून गेला, सगळंच साफ करून देतो म्हणाला, चुलत भावांना ते चालतंय. मला नाही चालत. बेहड्यावर धनेश येतात, रात्री भेकर भुंकतं, हे सगळं विकून हिश्शाला येणार काय, तर एक फ्रिज.

पण बांधाखाली ज्यांचं भात आहे ते काका म्हणाले, "तुझं जंगल म्हणजे डुकरांचं लॉज आहे रे, नि जेवायला ती माझ्याकडे येतात." त्यांचं म्हणणं, रान ठेव पण आमच्या पोरांना एक हाकारा मारू दे. तो बेकायदा आहे हे मला माहिताय. तरी माझं मत असं, की जमीनमालकाची संमती असेल तर डुकराच्या मर्यादित शिकारीला कायद्यानंच सरळ वाट द्यावी, म्हणजे रान राखणारा नि शेती करणारा एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत. काय वाटतं?

भातखाचर:
काका बरोबर बोलले. शहरात राहून जंगल राखणाऱ्यांना एकदा कापणीच्या आदल्या रात्री माळ्यावर बसवा. डुक्कर भात नुसतं खात नाही हो, लोंब्या ओरबाडून चघळून थुंकतं आणि मग खाचरात लोळतं, सकाळी बघावं तर उभं पीक चिखलात चटईसारखं निजलेलं, त्याचा पेंढासुद्धा गुरं तोंडात धरत नाहीत. नुकसानभरपाईसाठी वनखातं, कृषी नि तलाठी तिघांचा पंचनामा लागतो, ते तिघं एका दिवशी गावात सापडणं म्हणजे योगच. शेतीसंरक्षणाची बंदूक आहे आमच्याकडे, केपाची, दारू ठासून भरायची. पण निवडणूक आली की ठाण्यात जमा करा! २०२४ साली आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, म्हणजे भात पिकून उभं तेव्हा. बंदूक ठाण्यात, डुकरं शेतात.

रानवाट:
@बाळ, तुमचा हेतू चांगला आहे पण "मर्यादित शिकार" हे कागदावरच मर्यादित राहतं. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मेल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात दरवर्षी वाचतो आपण. तारेत करंट सोडतात त्यात माणसंही गेलीत. एकदा का संमती आहे म्हटलं की पिसोरी, ते सशाएवढं हरीण, दिसली तर सोडणारेत का? बार झाला, भाजून खाल्ली, कुणाला पत्ता. आणि डुक्कर हे बिबट्याचं खाणं आहे. रानातलं खाणं संपवलंत तर तो तुमच्या अंगणात कुत्र्याला येईल, मग परत तुम्हीच ओरडणार, पिंजरा लावा पिंजरा लावा.

भातखाचर:
बिबट्या मोठा डुक्कर अंगावर घेत नाही, पिल्लं उचलतो, ते पण आई लांब असली तर. आणि माझ्या भातावर त्याचं जंगल पोसायचं कंत्राट मी घेतलेलं नाही.

ऑस्टिनकर_अण्णा:
इकडचं सांगतो, उपयोग होईल न होईल. टेक्ससमध्ये माझ्या मित्राची छोटी जागा आहे, त्यावर तो शेती करत नाही, वन्यजीवांसाठी राखतो आणि तरी प्रॉपर्टी टॅक्स शेतजमिनीच्याच दरानं भरतो. १९९५ साली इथं मतदान घेऊन घटनादुरुस्ती झाली त्यातून ही सोय आली. सात कामांची यादी आहे, झाडोऱ्याची निगा, धूप थांबवणं, पाणी, खाणं, निवारा, शिकारी प्राण्यांवर ताबा, गणती, यातली किमान तीन दरवर्षी करायची. शिवाय सीझनला हरणाच्या शिकारीसाठी जागा भाड्यानं दिली की वर पैसे. म्हणजे रान राखणं परवडतं. आपल्याकडे रान राखणाऱ्याला मिळतं काय? शेजाऱ्याच्या शिव्या. खाजगी मालकीचं रान टिकवायचं असेल तर शिकारीचा पैसा त्यात यायला हवा असं माझं स्पष्ट मत.

रानवाट:
अण्णा, डुकरांचं पण सांगा ना तिकडचं.

ऑस्टिनकर_अण्णा:
ते सांगतो, लपवायचं काय त्यात. डुकरांना इथं बंद सीझन नाही, २०१९ पासून खाजगी जागेत मालकाची परवानगी असली की हंटिंग लायसनही लागत नाही, हेलिकॉप्टरमधून मारतात. तरी कमी होत नाहीत. वर्षाला दोन तृतीयांश मारली तर आकडा आहे तिथं थांबतो म्हणतात, आणि तेवढी कुणाच्यानं मारून होत नाहीत. मित्रानं हरणांसाठी मक्याचा फीडर लावला तर रात्री पहिली गिऱ्हाइकं डुकरंच, आता फीडरभोवती बुटकी जाळी ठोकलीय, हरीण उडी मारून आत जातं नि डुक्कर बाहेर राहतं. पण हरणांच्या बाबतीत पद्धत चालते हे खरं आहे.

अॅड_सई:
कायद्यापुरतं बोलते. "जमीनमालकाची संमती" या गोष्टीला आपल्याकडे किंमत शून्य, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीला बंदी आहे ती जमीन कुणाची हे न बघता. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. कलम ११ खाली उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी परवानगीनं मारता येतं, महाराष्ट्रात हा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली दिलेला आहे. म्हणजे वाट आहेच, बाळ, पण ती पीक वाचवायची वाट आहे, हौसेची नाही. आणि मुख्य म्हणजे मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता. मटण वाटून घेतलं की तुम्ही पुन्हा गुन्हेगार. केरळनं २०२२ मध्ये पंचायतींच्या अध्यक्षांना परवानगीचे अधिकार दिले, बिहार-उत्तराखंडला केंद्रानं काही काळ डुक्कर उपद्रवी ठरवूनही दिलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार मिटलीय असं मला काही दिसत नाही.

भातखाचर:
मटण नाही मिळणार तर रात्रभर थंडीत बसणार कोण ताई? हीच तर गोम आहे. पूर्वी पारध व्हायची तेव्हा अख्खा गाव निघायचा, हाकाऱ्यांचा वाटा, बार काढणाऱ्याचा वाटा, कुत्र्याचासुद्धा वाटा. आता परवानगी काढायची मी, दारूगोळा माझा, आणि डुक्कर पुरायचं पंचासमोर.

मधली_आळी:
सगळे बंदुकीवर अडकलात म्हणून लिहितो. आमची पण अशीच जागा आहे, माझं मत शिकारीच्या बाजूनं नाही नि विरोधातही नाही, मुद्दा रान कसलं आहे हा आहे. बाळ, तुमच्या वरच्या तुकड्यात बेहड्याखाली डुक्कर दिवसा झोपत नाही. खाली सावली, मोकळं, लपायला काही नाही, रात्री फळं खायला फिरेल नि जाईल. दिवसा ते असतं खालच्या उतारावरच्या जाळीत. करवंदीत वाकून बघा, बोगद्यासारखी वाट सापडेल, आत पालापाचोळा ओढून केलेलं बसकण, बाजूच्या झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखल घासलेला. ही जाळी काकांच्या भाताला लागून आहे, म्हणजे घरातून उठायचं नि ताटावर बसायचं. भाताच्या बाजूची तीस-चाळीस फूट पट्टी पावसाच्या शेवटी साफ करा, रानमोडी नि घाणेरी मुळासकट काढा, करवंदं आत राहू द्यात, पाखरांना लागतात. मोकळ्यावर यायला डुक्कर कचरतं, आणि आलं तर काकांना विजेरीत दिसतं तरी. पट्टीच्या भाताकडच्या कडेला झटका मशीनची तार, ती नुसता झटका देते, जीव घेत नाही. ठेकेदार मोठी झाडं नेणार, आणि उघड्या पडलेल्या जागेत दोन पावसाळ्यांत सगळीकडे रानमोडीच माजणार. म्हणजे जागा तोडली तर काकांची डुकरं वाढतील, हे चुलत भावांना नको, आधी काकांना सांगा.

आणि अण्णांचा पैशाचा मुद्दा मला पटतो, फक्त तो पैसा शिकारीतूनच यावा असं नाही. तुमच्याच तालुक्यात एईआरएफ या संस्थेनं जमीनमालकांशी झाडं न तोडण्याचे करार केले आहेत, बेहड्याची फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्रावर, म्हणजे रान न ओरबाडता गोळा केल्याच्या दाखल्यावर, बाहेर विकली जातात. जुने बेहडे म्हणजे धनेशाच्या ढोल्या. तिकडे चौकशी करा.

काजूवाला_विन्या:
बोलायला सोपं आहे. चाळीस फूट पट्टी दरवर्षी साफ करायला माणसं कुठून आणणार? आमच्याकडे काजूच्या बुडाचं गवत काढायला गडी मिळत नाही, पोरं सगळी मुंबईला. झटक्याच्या तारेला पावसात वेल चढला की झटका बंद. दोन वर्षं कराल हौसेनं, तिसऱ्या वर्षी आहेच परत रानमोडी. डुकरं माजलीत ती जमिनी पडीक पडल्या म्हणून, एकट्या बाळच्या उतारामुळे नव्हे, शेजारच्या वीस सातबाऱ्यांवर हीच गत आहे. मारल्याशिवाय पर्याय नाही.

रानवाट:
मारून टेक्सस थकलं, ते वर वाचलं का?

काजूवाला_विन्या:
टेक्ससात भाताचा खाचर नि बारा गुंठ्यांचा मालक असतो का?

देवरुखचा_बाळ:
बरंच कळलं. माझं मत थोडं सरकलंय पण पूर्ण नाही. परवानगी काकांनी काढायची असेल तर अर्जाला माझ्या जागेचा नकाशा नि सही मी देईन, रीतसर. हाकारा मात्र नाही, रानवाट म्हणतात ती पिसोरीची भीती मलाही आहे. पट्टीचं यंदा करतो, गणपतीनंतर ग्रासकटर भाड्यानं घेऊन. प्रश्न एवढाच, त्या मजुरीत काकांकडून निम्मे मागावेत का?

भातखाचर:
निम्मे? लॉज तुमचं. विचारून तर बघा, मग काका काय म्हणतात ते इथं लिहा, आम्ही वाचायला आहोतच.