यंदाच्या दहीहंडीविषयी

सचिव, ए १०२: सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या वर्षी थर कोसळून एका मुलाचे मनगट मोडले, हे लक्षात घेऊन यंदा सोसायटीची दहीहंडी बंद ठेवावी, असा कार्यकारिणीचा विचार आहे. मते रविवारपर्यंत कळवावीत.

बी ४०३: सचिवसाहेब, काळजी रास्त आहे, पण निर्णय मला पटत नाही. मी नऊ वर्षांचा असताना लालबागच्या आमच्या चाळीचा एक्का, म्हणजे सगळ्यांत वरच्या थरावरचा पोरगा, होतो. ना डोक्यावर हेल्मेट, ना खाली गादी, अंगाने हलका एवढीच माझी पात्रता. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू व्हायचा. दहीकाल्याच्या दिवशी आई मात्र एकदाही हंडी पाहायला खाली उतरली नाही. मी घरी येईपर्यंत ती निवडून झालेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची, हे मला ताईने पुष्कळ वर्षांनी सांगितले. आता माझी अकरा वर्षांची मुलगी वर चढण्याचा हट्ट धरते, तेव्हा ते सूप डोळ्यांसमोर येते. तिला मी नाही म्हटले आहे, आणि त्यात माझा करारीपणा काही नाही, कारण १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात दिली आहे. मागच्या वर्षी आपण बारा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या थरावर चढवले, तेव्हा हे कोणालाच आठवले नाही, मलाही नाही. शिवाय थर चढताना पडला नव्हता. हंडी फुटली, खालच्यांनी नाचायला खांदे सैल सोडले आणि वरचा पोरगा उतरायचा राहूनच गेला. थर उतरवण्याचा सराव आपण एक दिवसही केला नव्हता. म्हणून मोठ्यांनी तीनच थर लावावेत, हेल्मेट आणि गाद्या घ्याव्यात, आणि लहानांसाठी वेगळी हंडी खाली बांधून ती उडी मारून काठीने फोडू द्यावी.

सी २०१: ज्याचे मनगट मोडले त्याची मी आई. मी बंदीच्याच बाजूने लिहायला बसले होते. प्लास्टर सहा आठवड्यांत निघाले, पण मी अजून तो गच्चीवर निघाला की जिन्यात उभी राहते, आणि पूर्वी दोन-दोन पायऱ्या गाळणारा मुलगा आता आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग पाऊल टाकतो. हे मला मनगटापेक्षा जास्त लागले. थरांवर तो यंदाही जाणार नाही, त्यावर चर्चा नको. खालच्या हंडीचा दोर वरखाली करायचे काम मात्र त्याला द्यावे.

डी ००५: दोर नवा आणा, पण कप्पीही गंजली आहे, ती मी काढून ठेवली आहे. शनिवारी सकाळी शिडी धरायला दोघांनी यावे. माझे गुडघे आता चढू देत नाहीत.