राणीच्या सडाजवळ गाठ: सुई टोचू द्यावी का?

मळेकरी (मखमलाबाद)

आमची राणी गावठी कुत्री, नऊ वर्षांची, मळ्यातच वाढलेली. दोनदा व्यालेली, नसबंदी नाही. डावीकडच्या शेवटच्या सडाशेजारी गाठ आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत गोचीड काढताना हाताला लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. द्राक्षाचे मणी मोजायचा कॅलिपर घरात असतोच, तो लावला तर 8 मिमी. परवा मोजली, 22. मणी फुगवायचं जीए दिल्यासारखी फुगतेय. एवढे मणी बागेत मिळाले असते तर एक्स्पोर्टवाला बांधावर येऊन बसला असता.

राणी खाते, भुंकते, टँकरमागे पळते. डॉक्टर म्हणतात आधी सुईने तपासू, मग ऑपरेशन. आप्पांचं म्हणणं, सुई लागली की गाठ पिसाळते, आणि या वयात कापाकापी कशाला. शेजारून कसलासा लेप आलाय, तो राणी चाटून साफ करते. कोणी यातून गेलंय का?

बोकोबाची_आई (इंदिरानगर)

लेप आजच बंद करा दादा. तुम्ही मोजताय तरी. मी माझ्या मांजरीच्या पोटावरची गाठ "दुधाची असेल" म्हणून चार महिने सोडून दिली. मांजरींत अशा दहातल्या आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या निघतात, कुत्र्यांत साधारण निम्म्या. हे मला कळलं तेव्हा तिच्या फुप्फुसात पोचला होता. माज थांबवायच्या गोळ्या मीच दिल्या होत्या, त्यांनी धोका वाढतो हेही नंतर कळलं.

आणि दुखतंय वाटलं तरी घरातल्या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर जातं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि किडनी.

जुना_पर्यवेक्षक (नाशिकरोड)

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली. आप्पांची भीती मी गोठ्यागोठ्यात ऐकलीय. बैलाला शिंगाचा कॅन्सर व्हायचा. बैल डोकं झटकायचा, शिंग एका बाजूला कलायचं, एका नाकपुडीतून रक्त यायचं. मालक दोन महिने तेल चोळायचे आणि शिंग लोंबायला लागलं की आम्हाला बोलवायचे. मग मेला की "कापलं म्हणून मेला".

सडाजवळच्या गाठीत बारीक सुई घातल्याने कॅन्सर पसरतो म्हणून घाबरू नका. पण सुईकडून फार अपेक्षाही नको. गाठ चरबीची आहे की त्वचेची आणखी कुठली, एवढं सुईने कळतं. सडाच्या गाठीत चांगली की वाईट हे खात्रीने सांगायला अख्खी गाठच तपासावी लागते. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं: काढलेली गाठ फेकू देऊ नका. कित्येक ठिकाणी ती सरळ बादलीत जाते आणि पुढे दुसरी गाठ आली की पहिली काय होती हे कुणालाच सांगता येत नाही. आधीच बजावून ठेवा. लॅबला पाठवायला गाठ टिकावी म्हणून 10 टक्के फॉर्मेलिन, गाठीच्या दहापट, रुंद तोंडाच्या बरणीत.

ऑपरेशनआधी छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी घ्या: दोन्ही कुशींवर एकेक, एक उताणं. रक्त तपासा, प्लेटलेटसकट. तुम्ही गोचीड म्हणालात म्हणून सांगतो, गोचीडतापात प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. दहाही सड चाचपा, जांघ आणि काखही. कुत्रीची गाठ 3 सेंमीच्या आत असताना निघाली तर निभावण्याची शक्यता चांगली असते. तुम्ही 22 मिमीवर आहात, द्राक्ष उतरेपर्यंत थांबू नका.

नसबंदीचं आता बोलून उपयोग नाही, पण घरात दुसरी पिल्लं असतील तर ऐका. 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासात, पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रींना हा धोका न केलेल्यांच्या तुलनेत अर्धा टक्काच निघाला, एका माजानंतर 8, दोननंतर 26. आकड्यांवर पुढे वाद झाले, पण लवकर केलेली बरी, हे मी पाहिलंय.

रामकुंडाजवळचा

ऑपरेशनच कशाला? आमच्या घाटावरच्या काळ्याला मागे लघवीच्या जागी फुलकोबीसारखं मांस आलं होतं, रक्त ठिबकायचं. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन (कॅन्सरचं औषध), पाच इंजेक्शनांत साफ. तेच विचारा.

जुना_पर्यवेक्षक (नाशिकरोड)

काळ्याचं बरं झालं, आनंद आहे, पण तो आजारच निराळा. तो संगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, त्याच्या जिवंत पेशीच चिकटतात, आणि व्हिन्क्रिस्टीनला तो बहुधा शरण येतो. राणीच्या गाठीवर पहिला इलाज सुरीच. नंतर औषधं लागलीच तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात विचारा.

मळेकरी (मखमलाबाद)

सगळ्यांना उशिरा कळवतोय, बागेची डिपिंग, म्हणजे घड जीएत बुडवायचं काम, चालू होती.

प्लेटलेट खरंच कमी निघाल्या. आधी तीन आठवडे गोचीडतापाचं औषध, तोवर गाठ 25 मिमी. एक्स-रे स्वच्छ. शेवटची दोन सडं एकत्र काढली. बरणी मी लोणच्याची धुऊन नेली होती, डॉक्टर हसले, पण त्यांनी स्वतःची दिली. अकरा दिवसांनी रिपोर्ट: कॅन्सरच, पण पहिल्या, म्हणजे सगळ्यात सौम्य ग्रेडचा, आणि कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या काठापर्यंत कॅन्सर नाही. सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी आणि एक्स-रे.

टाके चाटू नयेत म्हणून घातलेली गळ्यातली बादली राणीने दुसऱ्याच दिवशी फोडली. आईचा जुना परकर नेसवून टाके वाचवले.

कॅलिपर आता आप्पांकडे असतो. रविवारी सकाळी राणीला उताणी पाडून उरलेली आठ सडं चाचपतात, आणि मला बागेत फोन करतात: "काही नाही रे, आज पण काही नाही."